कच्छसाठी उघडलेलं इंजिन

"नाही हो, गाडीवरून नाही."

गेले काही आठवडे हे एवढंच वाक्य बोलून माझं तोंड दुखायला आलं आहे. भेटायला येणारा माणूस दारात हात जोडतो, सतरंजीवर बसतो, पाण्याचा पेला नुसता ओठांना लावून खाली ठेवतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "गाडीवरून का?" त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. पंचक्रोशीत आमच्या घराची ओळखच 'त्या मोटरसायकलवाल्यांचं घर' अशी. पण गाडीवरून पडायला आधी गाडी चालू असावी लागते. आमची गाडी माघापासून पडवीत पोट उघडून उभी आहे. तिचं हेड एका घमेल्यात, पिस्टन जुन्या लुगड्याच्या फडक्यात, आणि बाकीचं काय काय कुठल्या डब्यात आहे ते त्या एका माणसाला ठाऊक होतं. तो माणूस मुरबाडच्या बाजारात भर सकाळी कलिंगड घेताना गेला. एक वाजवून खाली ठेवलं, दुसरं उचललं, कानाशी नेलं आणि तसाच खाली बसला, असं कलिंगडवाला सांगत होता. म्हणजे कलिंगडसुद्धा ठरलं नव्हतं...

मी तेव्हा खर्डीला, माहेरी होते. भावाच्या नातवाचं बारसं होतं, बायका पाळणा सजवत होत्या. भावाच्या फोनवर कुणाचा तरी फोन आला. त्यानं ऐकून घेतलं, फोन खिशात टाकला आणि मला म्हणाला, "ताई, चप्पल घाल." बारसं तसंच टाकून आम्ही किन्हवलीवरून निघालो. मुरबाडला पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. ज्या माणसाला साधी निघायची तारीख कधी पक्की करता आली नाही, तो कुणाला न विचारता असा निघून गेला, याचा मला पहिल्यांदा राग आला. रडू नंतर आलं. राग अजून आहे.

या लेखात त्यांना मी नावानं लिहिते आहे: मधुकर. समोरासमोर कधी नावानं हाक मारली नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. पण आता पानभर 'हे म्हणाले, ह्यांनी केलं' असं लिहीत बसले तर वाचणाऱ्याला वीट येईल. ते मला 'गो' म्हणायचे. "थांब गो जरा," हे त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य. लग्नानंतरचं माझं अर्धं आयुष्य या वाक्यावर उभं राहून गेलं.

मुरबाडहून म्हशाला जाणाऱ्या रस्त्यावर आमची भाताची गिरण. भात झोडून झालं की दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पट्टा थांबत नाही, कोंड्यानं माणसाच्या पापण्या पांढऱ्या होतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. भूगोल माझा लाडका विषय, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या कहाणीचं मूळ तिथेच आहे. एकदा वर्गात कच्छचं रण शिकवत होते. फळ्यावर नकाशा काढला, मिठाची पांढरी जमीन मैलोगणती कशी पसरलेली असते ते सांगितलं. वाडीवरची एक मुलगी उठून उभी राहिली. "बाई, पांढरं म्हंजे कसं? तांदळासारखं का चुन्यासारखं?" मी काहीतरी सांगितलं. तिनं पुढं विचारलं, "तुमी बघितलंय?" मी म्हटलं, नाही. ती काही वाईट हेतूनं विचारत नव्हती, पण इतकी वर्षं जे शिकवतेय ते आपण पाहिलेलं नाही हे मला त्या दिवशी लागलं. जेवताना मी हे मधुकरना सांगितलं. त्यांनी भाताचा घास हातातच धरून विचार केला आणि म्हणाले, "जाऊ या. गाडीनं जाऊ या."

मी रेल्वे सुचवली. रेल्वेनं गेलं की मधलं सगळं राहतं, म्हणाले. तोवर आमच्याकडे धड स्कूटरसुद्धा नव्हती. त्यांनी साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची, लांबच्या प्रवासाची म्हणून मिळते तशी जड मोटरसायकल आणली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या गाडीचा यात काडीचाही दोष नव्हता. ती कारखान्यातून आली तशी आम्हाला कच्छला नेऊन आणायला पुरेशी होती. हे मी तेव्हाही म्हटलं होतं, नंतर दरवर्षी म्हटलं, आणि आता छापून येतंय तर बरंच आहे.

मधुकरचं कुठं बिनसलं ते समजायला माझे सासरे समजून घ्यावे लागतील. सासऱ्यांना बैलांची पारख होती. म्हशाची जत्रा भरली की आसपासच्या गावांतले लोक त्यांना सोबत घेऊन जायचे, बैल बघून द्या म्हणून. सासऱ्यांची रीत ठरलेली. पहिल्या दिवशी घ्यायचं नाही. पहिल्या दिवशी बैल फक्त उभा बघायचा. मग पाणी पिताना बघायचा, बसल्यावर उठतो कसा ते बघायचं, चिखलात ओढायला लावायचं, जोडीला लावून बघायचं, आणि जत्रा उठायच्या दिवशी बोलणी करायची. मधुकर लहानपणापासून त्यांच्या मागे फिरले. बैल गेले, गोठ्यात गाडी आली, पण रीत तीच राहिली. फरक एवढाच की म्हशाची जत्रा उठते. इंजिनाच्या सुट्या भागांची जत्रा कधी उठतच नाही. रोज नवा माल येतो.

सुरुवात पिस्टनपासून झाली. मोठा पिस्टन, मोठा सिलिंडर बसवला की दोन माणसं आणि सामान घेऊन गाडी आरामात ओढेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यावर एक हिवाळा गेला. कुठला पिस्टन, किती मोठा, ओतीव की घडीव... केरळमधला कुणी एक माणूस त्यांना रोज जेवणाच्या वेळी फोन करायचा. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी बोलणं संपायचं नाही. पुण्याला नोकरीला असलेल्या आमच्या रूपालीला ते इंग्रजीतली माहितीपत्रकं पाठवायचे आणि ती बिचारी ऑफिसात बसून वडिलांना कॉम्प्रेशन म्हणजे काय ते मराठीत समजावायची. पिस्टन बसला. मग क्लच कमी पडायला लागला. "नवा बैल घेतला, आता जोडीदार म्हातारा दिसतोय," असं म्हणून क्लच बदलला. मग इंजिन तापायला लागलं म्हणून तेल थंड करायची जाळी आली. जाळी आली म्हणून तेल बदललं. हवा जास्त घ्यायला हवी म्हणून फिल्टर, फिल्टर बदलला म्हणून कार्बोरेटर. मी हात टेकले. मागची सीट मात्र होती तीच राहिली, आणि त्या सीटवर बसणाऱ्या बाईचं वय वाढत चाललं होतं.

हे सगळं काम शहापूरच्या इम्तियाजभाईंच्या गॅरेजात व्हायचं. इम्तियाजभाई म्हणजे सहनशक्तीचा महामेरू. ते नेहमी मलाच साक्षीला बोलवायचे. "वैनी, तुमीच सांगा ह्यांना. मी बसवतो, हे काढायला लावतात. मी काढतो, हे म्हणतात आधीचंच बरं होतं." मी म्हणायचे, तुम्ही नाही म्हणत जा. त्यावर ते हसायचे. मधुकरना नाही म्हणणं कठीण होतं. ते भांडत नसत, आवाज चढवत नसत, नुसते स्टुलावर बसून गाडीकडे बघत राहत. समोरचा माणूस शेवटी स्वतःच पाना हातात घ्यायचा.

प्रत्येक बदलानंतर चाचणी. चाचणी म्हणजे माळशेज घाट. आमच्या मुरबाडात कुठल्याही इंजिनाची लायकी घाटावर ठरते. ट्रक असो, जीप असो, घाट कसा चढला ते आधी विचारतात. पण चाचणीला मागे वजन हवं, आणि मी शाळा सोडून रोज कुठं जाणार? म्हणून त्यांनी माझ्या वजनाचं तांदळाचं पोतं करायचं ठरवलं. वजन विचारलं. मी सांगितलं. त्यांना पटलं नाही. मला गिरणीतल्या काट्यावर उभं केलं, भात घेऊन आलेल्या चार बायकांसमोर, आणि काटा बघून म्हणाले, "थोडं कमीच सांगितलंस गो." त्या बायका अजून मला बघून हसतात. मग ते पोतं मागच्या सीटवर बांधून मधुकर टोकावडे, मोरोशी करत घाट चढायचे. मोरोशीचा चहावाला विचारायचा, "आज बी वैनीला घरी ठेवून पोतंच फिरवता काय?" त्या पोत्यानं माझ्यापेक्षा जास्त प्रवास केला. पुढच्या वर्षी त्या तांदळाला टोके लागले, तेव्हा मी तो कोंबड्यांना घातला आणि मला फार बरं वाटलं.

एकदा रात्रीच्या जेवणाआधी मी पाटीवर पश्चिम भारत काढून त्यांच्यापुढे ठेवला. "हे आपण. हे मनोर, ही वापी, हे बडोदा. हे कच्छ. यात घाट कुठंय दाखवा."

त्यांनी नीट बघितलं. "नाय," म्हणाले.

"मग तुम्ही इतकी वर्षं घाट चढायचं इंजिन कशासाठी करताय?"

"घाट चढंल ती सपाटीला झोपत जाईल," ते म्हणाले. वर म्हणाले, "तुला बैलाचं नाय कळत गो." बैलाचं! मला भूगोलाचं कळत होतं, पण तो विषय त्यांनी घेतलाच नव्हता.

शेवटी एका वर्षी संक्रांतीनंतर आम्ही खरंच निघालो. मी रजा टाकली होती, दोन कपड्यांच्या पिशव्या बांधल्या होत्या, तिळाच्या वड्या घेतल्या होत्या. वाड्यावरून मनोरला हायवेला लागलो तेव्हा मला विश्वास बसत नव्हता. थंडी होती, ऊन चांगलं होतं, मधुकर पुढून ओरडून मला रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर वाचून दाखवत होते. पण घाटासाठी मागचं दातेरी चक्र मोठं बसवलेलं, ओढीसाठीचा कॅमशाफ्ट घातलेला. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाला श्वास किती आणि कधी घ्यायचा ते सांगणारा, मुठीत मावेल असा दांडा. घाटात हळू आणि जोरात ओढायला तो उत्तम. पण सपाट हायवेवर वेग धरला की इंजिन ओरडायला लागायचं आणि सगळी गाडी थरथरायची. वापीच्या पुढं चहाला थांबलो, तेव्हा मला उतरल्यावर पाय जमिनीवर आहे की नाही ते कळेना.

"पायाला मुंग्या आल्या?" त्यांनी विचारलं.

"थोड्याशा. जातील."

"म्हंजे इंजिन चुकलं."

"अहो, मुंग्या आल्यात. पाय नाही तुटला. दर तासाला उतरून चालीन मी."

"नाय. तुझे पाय असे सुन्न होणार असतील तर कच्छ बघून काय करशील? उभी कशी राहशील तिथं?" ते गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "परत जाऊ या. नीट करून घेतो. पुढच्या वर्षी."

मला वाटलं होतं, चहा पिऊन त्यांचं मन बदलेल. बदललं नाही. गुजरातचा चहा पिऊन आम्ही परत फिरलो. शहापुरात त्यांनी गाडी सरळ इम्तियाजभाईंच्या दारात नेली. मी पिशवी उचलली आणि प्रवासी जीपमध्ये बसून एकटी घरी आले. माझ्या पायांची इतकी काळजी घेणाऱ्या माणसाला, त्या पायांना कुठं जायचं होतं ते मात्र कळत नव्हतं. की कळत होतं... तेव्हा मला यातला फरक करायची इच्छा नव्हती.

त्यानंतर मग उलटी गंगा. आता सपाटीचं इंजिन करायचं. वेगात शांत चालणारा दुसरा कॅमशाफ्ट मागवला. तो आला, पहिला काढला, पण तो टाकवेना. परतताना गाडी जव्हारच्या बाजूनं आणावी लागली तर चढ आहेच, म्हणाले. दोन्ही दांडे तेलाच्या फडक्यात गुंडाळून एका स्टीलच्या डब्यात ठेवलेले असत. संध्याकाळी चहा घेताना डबा उघडायचा, एक या हातात, एक त्या हातात, आणि बघत बसायचं. रूपालीनं कंटाळून आम्हा दोघांची भूजपर्यंतची विमानाची तिकिटं काढली. त्यांनी तिला ती रद्द करायला लावली, अगदी प्रेमानं. मी निवृत्त झाले. रजेचं कारण संपलं. या माघात त्यांनी सगळं इंजिनच उघडलं, आणि जो कॅमशाफ्ट ठरेल तो बसवून लगेच निघायचं असं जाहीर केलं. माघ गेला, शिमगा गेला, कच्छच्या रणात ऊन तापायला लागलं असणार. मी विचारणं सोडून दिलं होतं.

लोक म्हणतात, फार हौशी माणूस होता. होताच. गिरणीत आलेल्या म्हाताऱ्या बाईचं भात रांगेआधी घ्यायचे, कोंडा पोत्यात भरून तिच्या डोक्यावर स्वतः उचलून द्यायचे. माझ्यावर त्यांनी कधी हात उगारणं तर सोडाच, आवाजही चढवला नाही. मी आजारी पडले की सिद्धगडच्या पायथ्याच्या वैदूकडून काहीतरी पाला आणून, तो कसा उकळायचा यावर दोन दिवस विचार करायचे, तोवर मी बरी व्हायचे. हे सगळं खरं आहे आणि मला ते आवडायचं. पण मला त्यांच्याबरोबर जायचं होतं. एवढीच एक गोष्ट मी मागितली होती, आणि ती इतक्या काळजीनं, इतक्या प्रेमानं त्यांनी होऊ दिली नाही. दुःखाच्या घरात असं बोलू नये म्हणतात. मग कुठं बोलायचं?

गेल्या आठवड्यात इम्तियाजभाई आले. सांत्वनाला पूर्वीच येऊन गेले होते, हे कामाला आले. पडवीत गाडीपुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "वैनी, राग नका मानू. पण पाऊस तोंडावर आलाय. असं उघडं राहिलं तर सिलिंडर गंज खाईल. बंद करून टाकू. पुढं विका, ठेवा, तुमची मर्जी." रूपाली फोनवर होती, तिचंही म्हणणं तेच.

"करा बंद," मी म्हटलं.

त्यांनी डबा उघडून दोन्ही कॅमशाफ्ट फडक्यावर ठेवले. "कुठला बसवू?"

वर्षानुवर्षं मी म्हणत आले होते, कुठलाही बसवा. या वेळी तसं म्हणवेना. कच्छला घाट नाही. मी सपाटीच्या दांड्यावर बोट ठेवलं. मागचं चक्रही कंपनीचं होतं ते परत लावा, म्हटलं. इम्तियाजभाईंनी मान हलवली. सगळा दिवस ते आणि मी, ते मागतील तो भाग मी डबे धुंडाळून हातात देते आहे, असं काम चाललं. दुपारी मी त्यांना भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. मधुकर असते तर त्या पडवीत या कामाला तीन महिने लागले असते.

उतरत्या उन्हात गाडी चालू झाली. इम्तियाजभाईंनी वेग वाढवून बघितला, कमी करून बघितला, रस्त्याला म्हशाच्या दिशेनं एक लांब फेरी मारून आणली. मग म्हणाले, "बसा मागं, वैनी, एकदा बघा." गाडी उभीच होती, इंजिन चालू. मी मागच्या सीटवर बसले, पाय पायदाणीवर ठेवले. त्यांनी बाजूला उभं राहून इंजिनाचा वेग चढवला. पायाला काही लागेना. मुंग्या नाहीत, थरथर नाही. एका लयीत, शांत, कुठंही न अडखळता इंजिन चालत होतं. या गाडीवर बसून वापी काय, भूजच्या पलीकडे जाता आलं असतं. उद्या पहाटे निघता आलं असतं. तिच्यात आता काहीही करायचं उरलं नव्हतं. पुढची सीट मोकळी होती, आणि ती मोकळी आहे हे मला त्या वेळी पहिल्यांदा खरोखर कळलं. इंजिन उघडं होतं तोवर आमचं जायचं राहिलं होतं. आता ते राहिलं नव्हतं. ते संपलं होतं.

मी खाली उतरले.

"आवाज मला बरोबर वाटत नाही," मी म्हटलं. "उघडा परत."

इम्तियाजभाईंनी माझ्याकडे बघितलं. आवाजात काहीच नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, ते निवेपर्यंत पायरीवर बसून राहिले आणि मग पाना उचलला.

"उघडू या वैनी," ते म्हणाले. "घाई काय हाय."